स्टर्जन दालन : कामाच्या नोंदी, नागपूर

३ एप्रिल

दालनात टांगायच्या माशाच्या प्रतिकृतीसाठी जात ठरली: युरोपीय स्टर्जन, शास्त्रीय नाव असिपेन्सर स्टुरिओ. स्टर्जन आणि त्यांचे भाऊबंद पॅडलफिश मिळून जगात २७ जाती. २०२२ मध्ये आययूसीएनने (निसर्गसंवर्धनाची आंतरराष्ट्रीय संघटना) चीनचा पॅडलफिश नामशेष ठरवला आणि उरलेल्या २६ च्या २६ जाती संकटग्रस्त यादीत गेल्या.

चर्चेत बहुतेकांचा कल बेलुगा या स्टर्जनच्याच जातीकडे होता. आकार मोठा आणि कॅव्हिअरमुळे (खारवलेली अंडी) नाव कानावरून गेलेलं. पण बेलुगा टांगला की 'जगातला महागडा मासा' या एका वाक्यात दालन संपतं. स्टुरिओकडून शिकण्यासारखं जास्त आहे. एकेकाळी पश्चिम युरोपातल्या बहुतेक मोठ्या नद्यांत चढणारा हा मासा आता फ्रान्समधल्या जिरोंद नदीमुखाच्या एका वस्तीपुरता उरला. जात वाचवण्याचं सगळं काम त्याच वस्तीतून वाढवलेल्या पिल्लांवर चाललंय.

पाटीच्या पहिल्या ओळीत 'चढणीचा मासा' हाच शब्द घ्यायचा. पहिल्या पुराला प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेत. हा समुद्रातून चढतो, आणि दरवर्षी चढत नाही. मादीची पाळी साधारण तीन-चार वर्षांनी येते. भारतात स्टर्जनची एकही मूळ जात नाही, हेही तिथेच लिहायचं, म्हणजे 'गोसीखुर्द धरणात मिळतो का?' हा प्रश्न आधीच निकालात निघेल.

९ एप्रिल

प्रतिकृतीची लांबी २१० सेंमी. जुन्या नोंदींत पाच मीटरच्या पुढचे मासे आहेत, पण खोली १२ बाय १८ फुटांची आहे. शिवाय राक्षसी आकारापेक्षा अंडी घालण्याजोगी साधारण मादी दाखवणं जास्त बरोबर.

१८ एप्रिल

सांगाडा उभा राहिला. मधोमध पाऊण इंची जीआय पाइप, त्यावर ६ मिमी प्लायच्या सात चकत्या. चकत्या गोल कापायच्या नाहीत, इथेच घोळ होतो. स्टर्जनच्या अंगावर हाडाच्या ढालींच्या पाच रांगा असतात: पाठीवर एक, दोन्ही कुशींवर एकेक, पोटाच्या दोन्ही कडांना एकेक. त्यामुळे धड कापलं तर छेद पंचकोनी दिसतो. चकत्यांचे पाच कोपरे हलके गोलावले आणि प्रत्येक कोपऱ्यावरून बांबूची एक कमची, १२ मिमी रुंद, नाकापासून शेपटीपर्यंत ओढली. ज्या रेषेवर कमची, त्याच रेषेवर पुढे ढाली बसणार. मापं पुन्हा घ्यावी लागणार नाहीत.

कमच्या रात्रभर पाण्यात ठेवूनच वाकवायच्या. कोरड्या वाकवलेल्या दोन नाकाजवळ तडकल्या.

२६ एप्रिल

शेपूट चुकली. कागदकाम चितारओळीत (नागपुरातली मूर्तिकारांची वस्ती) दिलं होतं. हात अतिशय सफाईचा, पण शेपटीच्या वरच्या-खालच्या पात्या सारख्या आल्या, रोहूसारख्या. दोष आपल्या आराखड्याचा: त्यात शेपटीची नुसती बाह्यरेषा होती, आत पाइप कुठपर्यंत जातो ते दाखवलंच नव्हतं. स्टर्जनची पृष्ठरज्जू (कण्याच्या जागची लवचीक दोरी) आयुष्यभर टिकते आणि वरच्या पातीत थेट टोकापर्यंत शिरते. म्हणून वरची पाती लांब, खालची आखूड. पाइपचा शेवटचा ३० सेंमी भाग २५ अंश वर वाकवला आणि पात्या त्याच्याभोवती नव्याने बांधल्या. आता 'शेपूट मोडल्यासारखी दिसते' असं बघणारे म्हणतात. बरोबर आहे, तशीच दिसते.

त्याच फेरीत तोंडही दुरुस्त केलं. तोंड पुढे नाही, डोक्याच्या खाली. दात नाहीत, नळीसारखं बाहेर येतं, खालचा ओठ मधोमध तुटलेला. तोंडाच्या पुढे चार मिशा एका आडव्या रांगेत. पाठीचा पर शेपटीजवळ, फार मागे. डोळा लहान, रंगवणाऱ्याला तो दोनदा लहान करायला सांगावा लागला.

खळीचं प्रमाण लिहून ठेवतो: मैदा १ किलो, पाणी ६ लिटर, मोरचूद २० ग्रॅम. मोरचूद शिजवून झाल्यावर घालायचा, ढवळताना हातमोजे. कागदाचे सहा थर. दोन थरांत एक दिवस. नागपूरच्या एप्रिलात वरचा थर दोन तासांत कोरडा लागतो, आतला मात्र ओलाच राहतो. हाताला फसून पुढचा थर दिला तर मागाहून फुगे येतात.

८ मे

ढालींचे साचे. शाडूचे मूळ नमुने तीन मापांचे: पाठीची ढाल सर्वांत मोठी (बूड ७ सेंमी), कुशीची उभट आणि अरुंद, पोटाची मधली. मध्यातून फाकणाऱ्या रेघा आणि मागे वळलेला छोटा आकडा. त्यावर आरटीव्ही (साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या) सिलिकॉनचे सहा साचे.

या जातीत पाठीवर ९ ते १६, कुशीला २४ ते ४०, पोटाच्या प्रत्येक कडेला ८ ते १४ ढाली असतात. आपण पाठीवर १२, डाव्या कुशीला ३१, उजव्या कुशीला ३३, पोटाला ११ आणि १० घेतल्या. एकूण ९७. डावं-उजवं मुद्दाम सारखं ठेवलेलं नाही. खऱ्या माशात ते क्वचितच जुळतं, आणि मोजणारी पोरं दालनात येणारच.

१७ मे

रेझिन वाया गेलं. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४४ अंश. पॉलिस्टर रेझिन ५०० ग्रॅम एकदम घोळलं, हार्डनर २ टक्के, म्हणजे हिवाळ्यातलं प्रमाण. चार मिनिटांत कपातच जेली झाली, मग कप हातात धरवेना, आणि ओतलेल्या नऊ ढालींपैकी सात तडकल्या. उष्णता वाढली की घट्ट होण्याची क्रिया वेगाने होते, तीच क्रिया स्वतः उष्णता सोडते, आणि माल जास्त असेल तर ती बाहेर जायला वाट नसते.

नवं प्रमाण: एका वेळी १५० ग्रॅम, हार्डनर १ टक्का म्हणजे दीड ग्रॅम, त्यात २० टक्के शंखजिरं. शंखजिऱ्याने उष्णता आवरते आणि हाडासारखा अपारदर्शक रंगही येतो. वेळ पहाटे साडेपाच ते साडेसात. एक टक्क्याच्या खाली जायचं नाही. गेलं तर पृष्ठभाग दिवसभर चिकट राहतो. कोबाल्ट (रेझिन घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रव्य) आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळायचे नाहीत, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मगच हार्डनर.

२७ मे

नवतपा. सकाळचे दोन तास सोडले तर काम बंद. ९७ आणि वर दहा ढाली तयार. सगळ्यांचे आकडे फार टोकदार निघालेत. ते पिल्लाचं लक्षण आहे. वय वाढतं तशी टोकं बोथट होतात. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायला घेतल्या. दहा जादा ढाली मात्र टोकदारच ठेवल्या, हात लावून बघायच्या ट्रेसाठी.

५ जून

काळाची भिंत. दालनातलं मुख्य काम हेच आहे, मासा नव्हे. स्टर्जनचं दुखणं किलोत आणि मीटरमध्ये नीट कळत नाही, वर्षांत कळतं.

भिंत १८ फूट, म्हणजे ५४८ सेंमी. १९८० ते २०४० अशी ६० वर्षं घ्यायची. वर्षाला १० सेंमी बसत नाही. ९ सेंमी धरून ५४० सेंमी. खिळे: १९८२, फ्रान्समध्ये मासेमारीवर बंदी. १९९४, जिरोंदच्या खोऱ्यात झालेलं शेवटचं ज्ञात नैसर्गिक प्रजनन. १९९५, पकडलेल्या रानटी माशांपासून पहिल्यांदा कृत्रिम प्रजनन. २००७, केंद्रात वाढवलेल्या माशांपासून पहिली पिल्लं. २००७ ते २०१५ या काळात सुमारे १६ लाख डिंभक (अंड्यातून नुकतेच निघालेले जीव) आणि पिल्लं नद्यांत सोडली गेली.

आता दोरे. नर १०-१२ वर्षांनी वयात येतो, मादी १३-१६ वर्षांनी. २००७ च्या खिळ्यापासून निळा दोरा २०१७-२०१९ पर्यंत, लाल दोरा २०२०-२०२३ पर्यंत. २०१५ च्या पिल्लांचा लाल दोरा २०२८-२०३१ ला पोहोचतो. म्हणजे मादीसाठी ११७ ते १४४ सेंमी दोरा लागतो. त्याच्या खाली, त्याच मापाने, रोहूचा दोरा लावला: दोन वर्षं, १८ सेंमी. वीतभर दोरा आणि खांद्यापर्यंतचा दोरा शेजारी दिसले की वेगळं सांगायची गरज उरत नाही. १९८२ ची बंदी योग्य होती, तरी १९९४ नंतर नदी रिकामी का, हेही याच मापात बसतं: बंदीच्या दिवशी नदीत ज्या माद्या नव्हत्याच, त्या बंदीने कुठून येणार? शिवाय समुद्रात इतर माशांच्या जाळ्यात अडकून मरणं बंदीनंतरही चालूच राहिलं.

भिंतीखाली पराच्या काट्याचा छेद. वय मोजायला छातीच्या पराचा पहिला काटा पातळ कापून त्यातली वर्तुळं मोजतात. बाभळीच्या ओंडक्याची चकती ठेवायची कल्पना होती, ती टाकून दिली. लोक लाकूडच बघतात. काचेवर काळ्या रेषांनी १५ वर्तुळं काढली, मागून दिवा.

१४ जून

तळाचा थर. जिरोंदला मिळणाऱ्या गारोन आणि दोर्दोन्य या नद्यांत हा मासा खोल, वाहत्या पाण्यातल्या गोट्यांवर अंडी सोडतो. अंडी गोट्यांना चिकटतात, डिंभक बाहेर पडून फटींत लपतात. बंधाऱ्यांनी वरच्या जागा तोडल्या, आणि खालच्या जागांतून रेती-खडीचा उपसा झाला. कन्हान नदीचे रेतीघाट पाहिलेल्या माणसाला उपसा म्हणजे काय हे समजावावं लागत नाही, पण फटीचं महत्त्व समजावावं लागतं.

त्यासाठी दोन पारदर्शक बादल्या, प्रत्येकी १० लिटरच्या, बुडाशी तोटी. दोन्हींत ३ ते ७ सेंमीचे गोल गोटे काठोकाठ. पहिलीत ४.१ लिटर पाणी मावलं. दुसरीत आधी चाळलेली बारीक रेती हलवून हलवून भरली. नंतर पाणी मावलं जेमतेम १.८ लिटर. खरा फरक तोटी उघडल्यावर: पहिली भडाभडा रिकामी होते, दुसरी थेंब थेंब. अंड्याला प्राणवायू वाहत्या पाण्यातून मिळतो, साठलेल्या पाण्यातून नाही.

सुरुवातीला बांधकामाची गिट्टी वापरली होती. ती चालत नाही. फोडलेल्या दगडाचा भुसा तीन पाण्यांनी धुऊनही निघत नाही आणि पहिली बादलीसुद्धा गढूळ दिसते.

२२ जून

चिकट अंडी. अंडं ३ मिमीच्या आसपास, तपकिरी-काळसर. सब्जा करून पाहिला: आकार जुळतो, पण त्याचा बुळबुळीत लेप घसरतो, चिकटत नाही. साबुदाणा जमला. बारीक साबुदाणा काळ्या शाईच्या पाण्यात, दाणा बुडेल इतकंच पाणी, वीस मिनिटं. न धुतलेला साबुदाणा भिजून गोळा होतो, हे घराघरांत माहीत आहे.

उबवणी केंद्रात नेमका हाच त्रास. फलित अंड्यांचा गोळा झाला की आतल्या अंड्यांना प्राणवायू मिळत नाही, ती मरतात, मेलेल्यावर बुरशी धरते आणि बुरशी जिवंत अंड्यांवर पसरते. उपाय: बारीक मातीच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास सतत हळूहळू ढवळणं. मातीचे कण चिकट लेपावर बसतात आणि अंडी सुटी होतात. मग ती खालून पाणी चढणाऱ्या उबवणीच्या बरणीत.

आपल्याकडे दोन वाडगे: एकात साधं पाणी, दुसऱ्यात २०० मिली पाण्याला चार चमचे मुलतानी माती. दोन्हींत दोन-दोन चमचे दाणे, लाकडी चमच्याने दहा मिनिटं. मातीतले दाणे सुटे राहिले. ढवळणं मिनिटभर थांबवलं की तेही एकमेकांना धरतात, म्हणून दाखवणाऱ्याने बोलायच्या नादात हात थांबवू नये. रोज ताजा साबुदाणा, कालचा आंबतो.

१० जुलै

आज राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिवस. १९५७ साली याच तारखेला हिरालाल चौधरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीच्या अर्काने रोहूच्या गटातल्या कार्प माशांचं प्रेरित प्रजनन यशस्वी केलं. तिकडे स्टर्जनसाठी हीच युक्ती सोव्हिएत शास्त्रज्ञ निकोलाय गेर्बिल्स्की यांनी १९३० च्या दशकात उभी केली. दोन्ही एकाच पाटीवर घेतले. इथल्या मत्स्यबीज केंद्रात काम केलेल्या कुणालाही इंजेक्शनची गोष्ट परकी वाटणार नाही.

परका आहे तो पुढचा भाग. कार्पमध्ये इंजेक्शनची वेळ चुकली तर पुढच्या हंगामात पुन्हा. स्टर्जनमध्ये चुकली तर ती मादी काही वर्षं गेली. म्हणून आधी अंड्यांची तपासणी: पोटातून थोडी अंडी काढायची, काही मिनिटं उकळून घट्ट करायची, बर्फात थंड करायची, ब्लेडने अक्षावर उभी कापायची. आत केंद्रक फिकट ठिपक्यासारखं दिसतं. अंडं पिकतं तसं ते वरच्या ध्रुवाकडे सरकतं. ध्रुवापासूनचं त्याचं अंतर भागिले अंड्याचा व्यास, भागाकार ०.१ च्या खाली आला की मादी तयार.

मातीचे दोन अर्धगोल केले, व्यास १५० मिमी. एकात केंद्रक कडेपासून ३० मिमी (०.२०, थांबा), दुसऱ्यात १०.५ मिमी (०.०७, चालेल). पट्टी दोरीने बांधून ठेवली, लोकांनी स्वतः मोजावं.

पाटीवर एक बारकावा टाकला आहे. बहुतेक माशांच्या अंड्याला शुक्राणू शिरायला एकच छिद्र असतं. स्टर्जनच्या अंड्याला अनेक. वीर्य तसंच ओतलं तर एका अंड्यात अनेक शुक्राणू शिरून ते बाद होतं. म्हणून साधारण एकाला २०० पाणी असं पातळ करूनच मिसळतात.

१९ जुलै

चीनमधल्या यांगत्से नदीची पाटी, आखूड. चिनी स्टर्जन समुद्रातून सुमारे ३,००० किमी चढायचा. १९८१ साली गेझोउबा धरणाने वाट बंद झाली. मासे धरणाच्या खालीच अंडी घालू लागले. हे प्रजनन शरद ऋतूत, पाणी २० अंशांच्या खाली उतरलं की होतं. वर थ्री गॉर्जेस धरणाचा जलाशय २००३ पासून भरत गेला, आणि एवढं साठलेलं पाणी उशिरा थंड होतं. २०१३, २०१४, २०१५ अशी सलग तीन वर्षं प्रजननाची नोंद नाही. आपल्या वाचकासाठी शेजारी एक ओळ: १९७५ च्या फरक्का बंधाऱ्यानंतर गंगेत हिलसाचं वर चढणं असंच तुटलं.

२ ऑगस्ट

पावसाची दमट हवा. पोटाकडचा कागद लिबलिबीत झाला, दोन ठिकाणी पांढरी बुरशी. मोरचूद सगळ्या थरांत सारखा गेला नव्हता. बाधित भाग कापला, दिवसभर कुलर बंद ठेवून पंख्याखाली वाळवला, दोन थर नवे आणि आतून-बाहेरून वॉर्निश. कुलर चालू ठेवून कागदकाम वाळत नाही, हे दरवेळी कुणीतरी नव्याने शोधतं.

'दोन जिवंत स्टर्जन टाकीत ठेवू' अशी सूचना आली होती, नाकारली. १८ अंशांच्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू लिटरला साधारण ९.५ मिग्रॅ मावतो, ३४ अंशांना ७ च्या आसपास. मासा गरम पाण्यात मागतो जास्त आणि मिळतो कमी. चिलर लावला तरी मे महिन्यात वीज तासभर गेली की संपलं. वर कायदा: साईटिसच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) परिशिष्टांत सगळे स्टर्जन आहेत (स्टुरिओ पहिल्यात), आणि वन्यजीव अधिनियमाच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगायला नोंदणी लागते.

१२ ऑगस्ट

शाळेच्या दोन तुकड्यांवर चाचणी. काय चुकीचं समजलं गेलं: (अ) शेपूट पाहून 'शार्क'. ढालींच्या ट्रेवर 'हे हाड आहे; सांगाडा मात्र बहुतांशी कास्थीचा (मऊ कूर्चेचा)' असं लिहिलं. (आ) मिशा विषारी. त्या तळ चाचपायच्या आहेत. मिशांखाली गोट्यांत रबराच्या दोन अळ्या ठेवल्या, लगेच कळलं. (इ) १६ लाख सोडले म्हणजे झालं काम. हा गैरसमज आपल्याच भिंतीने तयार केला, कारण आकडा मोठ्या अक्षरांत आणि दोरे बारीक. आकडा अर्ध्या मापाचा केला, दोऱ्यांऐवजी प्लास्टिक चढवलेली तार. पोरांनी दोरे ओढून २०२३ चं टोक २०१९ ला आणलं होतं, तेही आता होणार नाही.

नदीमुखाच्या नकाशावर त्याची लांबी '७५ किमी' वाचून कुणी थांबत नव्हतं. शेजारी 'नागपूर ते वर्धा' लिहिलं. थांबतात.

कॅव्हिअरसाठी एक रिकामा पत्र्याचा डबा, एवढंच. लेबलवर जात, माल पाळीव की रानटी, देश आणि वर्ष सांकेतिक अक्षरांत कसे असतात ते दाखवलं आहे.

२० ऑगस्ट

मासा टांगला. वजन ११.८ किलो. स्लॅबला दोन अँकर बोल्ट, ४ मिमी तारदोर, पाइपला दोन क्लॅम्प. तोल मध्यावर धरला तर शेपूट खाली येते, वाकवलेल्या पाइपमुळे. मागचा क्लॅम्प १४ सेंमी मागे घेतला. नाक १० अंश खाली, मिशांची टोकं गोट्यांपासून ४० सेंमीवर. पाठ मातकट हिरवी, पोट पांढरं, ढाली फिकट. वरून मॅट वॉर्निश, कारण चकचकीत केला की दिवा ढालींवर पडून रांगा मोजता येत नाहीत.

राहिलेलं: २०१५ च्या निळ्या तारेचं टोक ढिलं. दुसऱ्या बादलीची तोटी रेतीने चोंदते, आतून मलमल लावायची. उजव्या कुशीची २७ वी ढाल हलते; इपॉक्सी पुट्टीने बसवायची, आधी खालचं वॉर्निश खरवडून.